सुवर्णनाण्याची ओळख आणि सम्राटाचे अस्तित्व : स्पॉन्सियन नाण्यांवरील संशोधनाची चिकित्सा

प्राचीन रोमन सुवर्णनाण्यांच्या अभ्यासात 'नाण्याची ओळख पटविणे' हा शब्दप्रयोग बराच सैलपणे वापरला जातो. वस्तुतः त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. हातातील वस्तू कोणत्या काळी घडली, ती कोणी पाडली आणि तिच्यावर ज्याचे नाव आहे तो पुरुष कोण, हे ते तीन प्रश्न होत. नीरो किंवा ट्रेजन यांच्या एखाद्या सुस्थितीतील ऑरियसच्या बाबतीत या तिन्हींचे उत्तर एकदमच मिळून जाते आणि म्हणून ते वेगळे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. अडचण उभी राहते ती अपवादात्मक नाण्यापुढे. 'प्लॉस वन' या नियतकालिकात नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्पॉन्सियन नावाच्या कथित रोमन सम्राटाच्या नाण्यांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 'विस्मृतीत गेलेला सम्राट सापडला' अशा मथळ्यांनी त्याची वार्ता जगभर पोचली. प्रयोगशाळेतील पुराव्याने इतिहासात एका सम्राटाची भर घालता येते काय, हा प्रश्न या निबंधाने उपस्थित केला असल्याने नाणकशास्त्राबाहेरील अध्यापकांनीही त्याकडे लक्ष द्यावे असे वाटते. प्रस्तुत लेखात त्या निबंधाच्या युक्तिवादाची चिकित्सा करावयाची आहे.

नाण्यांची हकीकत

इ. स. १७१३ च्या मार्च महिन्यात व्हिएन्ना येथील शाही नाणेसंग्रहाचे अधिकारी कार्ल गुस्ताव हेरेअस यांनी काही विलक्षण सुवर्णनाण्यांची नोंद केली. ती ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, सापडल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. नेमके कोठे, कोणाला आणि कशाबरोबर सापडली याचा तपशील मात्र मागे राहिलेला नाही. त्यांतील काहींवर तिसरा गॉर्डियन आणि फिलिप या तिसऱ्या शतकातील ज्ञात सम्राटांची नावे होती. काहींवर मात्र 'इम्प. स्पॉन्सियानी' असा लेख होता. या नावाच्या सम्राटाचा कोणत्याही प्राचीन इतिहासकाराने उल्लेख केलेला नाही.

या गटातील नाणी पुढे निरनिराळ्या संग्रहांत विखुरली. विल्यम हंटर (१७१८–१७८३) या ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञाच्या संग्रहातून चार नाणी ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात आली. स्पॉन्सियनचे आणखी एक नाणे ट्रान्सिल्व्हेनियातीलच सिबिउ येथील ब्रुकेन्थाल संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही नाणी कमीअधिक संशयाने का होईना, अस्सल म्हणून वावरत होती. रोमन साम्राज्याच्या नाण्यांची प्रचंड सूची सिद्ध करणारे फ्रेंच नाणकशास्त्रज्ञ आन्री कोएन यांनी १८६८ साली त्यांना अत्यंत हीन दर्जाची आधुनिक बनावट ठरविले. कोएन यांचा अधिकार एवढा मोठा होता की त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे ही नाणी कपाटात पडून राहिली. पिअर्सन व सहकाऱ्यांनी हे कपाट उघडले, याचे श्रेय त्यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. कोएन यांचा निर्णय बरोबर असो वा चूक, तो कारणमीमांसेवाचून दिलेला होता आणि कारणाविना दिलेला निर्णय पुन्हा तपासणे हे संशोधकाचे कामच आहे.

ऑरियस कसा ओळखला जातो

निबंधाची बाजू पारखण्यापूर्वी रोमन सुवर्णनाणे ओळखण्याची रूढ पद्धती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पहिली कसोटी वजनाची. ज्यूलियस सीझरच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून चाळीस ऑरियस पाडले जात, म्हणजे एकाचे वजन सुमारे ८ ग्रॅम भरे. नीरोने इ. स. ६४ मध्ये हे प्रमाण पौंडाला पंचेचाळीस केले आणि नाणे सव्वासात ग्रॅमवर आले. काराकालाने इ. स. २१५ च्या सुमारास पन्नासाचे प्रमाण आणले. पुढे कॉन्स्टन्टाइनने पौंडाला बहात्तर या हिशेबाने, सुमारे साडेचार ग्रॅमचे 'सॉलिडस' हे नवे नाणेच सुरू केले. त्यामुळे लेख झिजून गेलेल्या नाण्याचा काळही पुष्कळदा तराजू सांगतो. मधला तिसऱ्या शतकाचा काळ मात्र अपवाद आहे. त्या पन्नाससाठ वर्षांत सुवर्णनाण्यांची वजने इतकी हेलकावे खातात की तराजूच्या साक्षीवर विसंबता येत नाही. स्पॉन्सियनला बसविले जाते ते नेमके याच काळात.

दुसरी कसोटी लेखाची. रोमन नाण्यावरील संक्षिप्त पदव्या ही जणू तारीखच असते. सम्राटाला कितव्यांदा कॉन्सल पद मिळाले, लोकरक्षकाचे अधिकार कितव्या वर्षी नूतन झाले, हे त्यावर कोरलेले असते. ट्रेजन पाचव्यांदा कॉन्सल झाला तो इ. स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणून पाचव्या कॉन्सलपदाचा उल्लेख असलेला त्याचा ऑरियस या दोन वर्षांच्या दरम्यानचा ठरतो. तिसरी कसोटी चेहऱ्याची व पृष्ठभागावरील चित्राची. या चित्राला काही प्रयोजन असते. विजय, दानधर्म, वारसाची घोषणा, एखाद्या देवतेची कृपा, असे काहीतरी त्या क्षणाचे राजकारण त्यातून बोलत असते.

चौथी कसोटी सर्वांत निर्णायक, पण सर्वसाधारण वाचकाला सर्वांत कमी परिचित आहे. ती म्हणजे ठशांची. रोमन टांकसाळीत तापविलेली सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घालीत. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे एका ठशाची नाणी परस्परांशी रेघेरेघेने जुळतात आणि दुसऱ्या ठशाच्या नाण्यांशी तशी जुळत नाहीत. पुरोभागाचा एक ठसा पृष्ठभागाच्या अनेक ठशांबरोबर वापरला गेला की ठशांची साखळी तयार होते. एखादे शंकास्पद नाणे या साखळीत कोठे अडकते का, हे पाहिले म्हणजे ते कोणत्या टांकसाळीच्या कोणत्या क्षणी पडले हे सांगता येते. साखळीबाहेरचे एकटे नाणे नेहमीच संशयास पात्र राहते. ते खोटेच असेल असे मात्र नाही.

या कसोट्यांवर स्पॉन्सियन

हंटेरियनमधील स्पॉन्सियन नाण्याचे वजन सुमारे १० ग्रॅम आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावरील सामान्य ऑरियस साडेचार ते पाच ग्रॅमचा. या तफावतीला एक बचाव आहे. नाण्यावरील मस्तकावर किरणमुकुट आहे आणि रोमन संकेतात किरणमुकुट दुप्पट मूल्य दर्शवितो. तेव्हा हे दुहेरी ऑरियस मानले तर वजनाचा आक्षेप पुष्कळसा मावळतो.

लेखाचा आक्षेप मात्र मावळत नाही. 'स्पॉन्सियानी' हे लॅटिन रूप षष्ठी विभक्तीचे आहे. 'सम्राट स्पॉन्सियनचे' असा त्याचा अर्थ. ग्रीक नाण्यांवर षष्ठीची प्रथा होती. रोमन टांकसाळी सम्राटाचे नाव प्रथमेत आणि कधीकधी चतुर्थीत लिहीत. शिवाय येथे 'ऑगस्टस' ही पदवी नावापुढे नाही. सत्ता बळकावणारा सेनानी आपली पहिली नाणी पाडतो तेव्हा जी पदवी तो कधीच विसरत नाही तीच येथे गळाली आहे.

पृष्ठभाग तर याहून विचित्र आहे. एक स्तंभ, त्यावर पुतळा, दोन्ही बाजूंना उभ्या आकृती आणि वर तीन-चार अक्षरे, असे ते चित्र. ते इ. स. पू. १३५ मधील गायस मिनुशियस ऑगुरिनस या टांकसाळ-अधिकाऱ्याच्या चांदीच्या दिनारावरून घेतलेले आहे. मूळ दिनारावरील 'सी ऑग' ही अक्षरे त्या अधिकाऱ्याच्या नावाची, म्हणजे 'गायस ऑगुरिनस' याची आहेत. आपल्या पूर्वजाच्या स्मारकस्तंभाचे चित्र त्याने नाण्यावर आणले होते. हीच अक्षरे साम्राज्यकाळातील नजरेने वाचली तर 'सीझर ऑगस्टस' अशी सहज लागतात. म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे जुने एका घराण्याच्या अभिमानाचे चित्र येथे न समजता उचलले गेले आणि त्यातील अक्षरांना नवा अर्थ चिकटला. ही गैरसमजूत तिसऱ्या शतकातील डेशियातील कारागिराची होऊ शकते, तशीच ती अठराव्या शतकातील अर्धवट लॅटिन जाणणाऱ्या बनावटकाराचीही होऊ शकते.

नमुन्याची उपलब्धता हा पुरावाही दोन्हीकडे झुकतो. रोमन प्रजासत्ताकाचे दिनार डेशियात विपुल सापडतात आणि रोमनांनी तो प्रदेश जिंकण्यापूर्वीच तेथे त्यांच्या नकला पाडल्या जात होत्या. सिबिउपासून फार दूर नसलेल्या तिलिष्का येथे अशा नकलांसाठी वापरलेले ठसेच १९६१ साली सापडले. तेव्हा ऑगुरिनसचा दिनार प्राचीन कारागिराच्या हाती असणे शक्य होते. आणि शेतात नांगराला लागलेला तोच दिनार १७१३ पूर्वीच्या एखाद्या सोनाराच्या हाती पडणेही तितकेच शक्य होते.

ही नाणी ठोकून पाडलेली नाहीत, साच्यात ओतलेली आहेत, हे निबंधलेखकांनाही मान्य आहे. रोमन राज्यसंस्थेने सोन्याची नाणी ओतून काढल्याचे उदाहरण नाही. मात्र तिसऱ्या शतकात डॅन्यूबकाठच्या प्रांतांत सरकारी नाण्यांचा पुरवठा आटला तेव्हा ब्राँझच्या ओतीव नकला मोठ्या प्रमाणावर चालल्या. अभ्यासक त्यांना 'लिमेसफाल्सा' म्हणतात. त्यामुळे ओतीव असणे हा प्राचीनत्वाविरुद्ध अंतिम पुरावा ठरत नाही. टांकसाळीविरुद्ध मात्र तो निश्चितच ठरतो, आणि ओतीव नाण्याला ठसा नसल्यामुळे चौथी कसोटी येथे लावताच येत नाही.

प्रयोगशाळेचा पुरावा

एवंच रूढ कसोट्यांवर ही नाणी उतरत नाहीत. निबंधलेखकांची भिस्त म्हणूनच पृष्ठभागाच्या सूक्ष्म तपासणीवर आहे. प्रकाशीय आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, अतिनील प्रकाशातील छायाचित्रण आणि अवरक्त वर्णपटमिती यांचा त्यांनी उपयोग केला. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक, नाण्यांवर दीर्घकाळ हाताळणीने येते तशी खोल सूक्ष्म झीज आहे. दोन, त्या झिजेच्या वर, खाचांत, मातीचे कण सिलिकाने घट्ट सांधले गेले आहेत आणि त्यांवर पुन्हा हवेशी संपर्क आल्याच्या खुणा आहेत. म्हणजे नाणी प्रथम चलनात होती, मग दीर्घकाळ पुरलेली होती, मग उकरली गेली. ही क्रमवार मांडणी चांगली आहे. यापूर्वीच्या कोणाही समीक्षकाने इतक्या बारकाईने ही नाणी पाहिली नव्हती.

तथापि प्रत्येक पायरीवर एकेक प्रश्न शिल्लक राहतो. झिजेचे घ्या. सोने मऊ असते आणि झीज कृत्रिमरीत्या आणता येते. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन बनावटकार आपली ताजी 'प्राचीन' नाणी लोखंडाचा कीस भरलेल्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधी आणि रपेटीला निघे, अशी प्रसिद्ध कथा आहे. बेकर १७१३ नंतरचा, हे खरे. त्याच्याआधीच्या बनावटकारांना ही कल्पना सुचलीच नसेल असे मात्र कसे म्हणावे? निबंधलेखकांच्या मते झिजेचे स्वरूप अस्सल नाण्यांशी जुळते. परंतु त्यांनी तुलनेसाठी घेतलेली अस्सल रोमन सुवर्णनाणी केवळ दोन आहेत. त्याहून गंभीर उणीव अशी की, सतराव्या-अठराव्या शतकातील ज्ञात बनावट सुवर्णनाण्यांची त्याच उपकरणांनी तपासणी करून ती तुलनेला ठेवलेली नाहीत. खऱ्याशी साम्य दाखविले, पण खोट्यापासून भेद दाखविला नाही. विज्ञानशाखेतील सहकाऱ्यांना या उणिवेचे महत्त्व सांगावयास नको.

मातीच्या थराचेही तसेच आहे. वस्तू जमिनीत होती हे त्याने कळते. केव्हापासून होती हे कळत नाही. सिलिकाचा असा थर बसावयास किती दशके किंवा शतके लागतात, हे मातीच्या प्रकारावर व ओलाव्यावर अवलंबून असणार आणि येथे मूळ जागाच ज्ञात नाही. कारण १७१३ मध्ये तिची नोंदच झालेली नाही. सोन्याच्या कसाचा मुद्दाही जपून वापरावा लागतो. अस्सल ऑरियस जवळजवळ शुद्ध सोन्याचे असत. या नाण्यांत चांदी व तांबे अधिक आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील खनिज सोन्यात मुळातच चांदी असते आणि आल्बुर्नुस मायोर, म्हणजे आजचे रोशिया मोंताना, येथे रोमनांच्या मोठ्या सुवर्णखाणी होत्या, हे खरे. पण त्याच डोंगरांतले सोने मध्ययुगात आणि नंतरही काढले जात होते. शिवाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकास जोडलेल्या क्ष-किरण तपासणीत धातूचा केवळ वरचा अतिसूक्ष्म थर मोजला जातो आणि पुरलेल्या हिणकस सोन्याच्या पृष्ठभागावरील चांदी-तांबे कालांतराने निघून जाते. आतला कस वेगळा असू शकतो.

या सर्वांचा हिशेब केला तर, ही नाणी बहुधा १७१३ च्या तोंडावर घाईने घडविलेली नसावीत, एवढे निबंधाने बऱ्यापैकी दाखविले आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. निबंध मात्र तेथे थांबत नाही.

पहिल्या प्रश्नावरून तिसऱ्यावर उडी

निबंधाची ऐतिहासिक मांडणी अशी आहे. इ. स. १०६ मध्ये ट्रेजनने जिंकलेला डेशिया प्रांत तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर साम्राज्यापासून तुटत गेला आणि ऑरेलियनने २७१ ते २७५ च्या दरम्यान तो सोडून दिला. मधल्या २६० च्या दशकातील अराजकात तेथील सेनापती स्पॉन्सियन याने लष्कराचा व नागरिकांचा व्यवहार चालावा म्हणून स्थानिक सोन्याची नाणी ओतविली आणि सर्वोच्च पद धारण केले. गॉर्डियन आणि फिलिप यांच्या नावांची नाणीही त्याच कार्यशाळेची.

ही कथा अशक्य नाही. पण ती नाण्यातून निघालेली नाही. नाण्याला जागा करून देण्यासाठी रचलेली आहे. याचा पुरावा निबंधाच्या पूर्वेतिहासातच सापडतो. यापूर्वी ज्यांनी स्पॉन्सियनला खरा मानले त्यांनी त्याला फिलिपच्या कारकिर्दीतील, म्हणजे २४० च्या दशकातील बंडखोर ठरविले होते. आता तो सुमारे वीस वर्षे पुढे सरकला आहे. पुराव्यात काही बदल न होता सम्राट दोन दशके सरकतो, तेव्हा त्याला कालपटावर खिळवून ठेवणारे काहीच आपल्यापाशी नाही असा अर्थ होतो.

मुख्य दोष 'अस्सल की बनावट' या द्वंद्वात आहे. निबंधाच्या शीर्षकापासूनच हे द्वंद्व गृहीत धरलेले आहे: नाणी आधुनिक बनावट नसतील तर ती अस्सल आणि अस्सल असतील तर सम्राट खरा. मधली एक मोठी जागा रिकामी सोडली आहे. ती प्राचीन काळीच केलेल्या नकलांची. आणि ही जागा भौगोलिकदृष्ट्या अगदी दाराशी आहे. इ. स. २५१ मध्ये अब्रिटसच्या लढाईत सम्राट डेशियस गॉथांकडून मारला गेला. पोलिश अभ्यासक अलेक्सान्डर बुर्शे यांनी २०१३ मध्ये 'न्यूमिस्मॅटिक क्रॉनिकल'मध्ये असे मांडले की, त्या वेळी शाही खजिन्यातील ऑरियस मोठ्या संख्येने गॉथांच्या हाती पडले असावेत. साम्राज्याच्या सीमेपलीकडे भोके पाडलेले ऑरियस आणि त्यांच्या सोन्यातीलच स्थानिक नकला सापडतात. अशा नकलांत रोमन सम्राटाचे मुख, किरणमुकुट, लॅटिन अक्षरांची रांग हे सर्व असते. लेखाला अर्थ असतोच असे नाही. ज्याच्या गळ्यात तो अलंकार शोभावयाचा त्याला अर्थाची गरजही नव्हती. स्पॉन्सियन नाणी प्राचीन असतील तर सर्वांत जवळची सजातीय वस्तू ही आहे. पण सीमेपलीकडील सोनाराने जुन्या नाण्यांवरून ओतलेल्या पदकावरील नावाला सम्राटपद देता येत नाही.

भारतीय वाचकास हा प्रकार अपरिचित नसावा. तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ साली ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा निधी सापडला. ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची ही नाणी अस्सल होती, पण बहुसंख्य नाण्यांवरील सम्राटाच्या मुखावर छिन्नीने चीर मारलेली होती. सोने राहिले, नाणेपण रद्द झाले. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील दारफळ येथे रोमन सुवर्णनाणी मिळाल्याची एकोणिसाव्या शतकातील नोंद आहे. दक्षिण भारतात अस्सल ऑरियसबरोबर प्राचीन काळीच येथे घडविलेल्या सुवर्णनकलाही सापडतात. त्यांचे लेख बिघडलेले असतात, चेहऱ्यांची ठेवण भारतीय वळणाची होते. तेर व कोंडापूर येथे तर रोमन नाण्यांवरून छापलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. या वस्तू दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यांच्यावर रोमन मुद्रा आहे आणि तरी त्या रोमन टांकसाळीच्या नाहीत. यात कोणाला विसंगती वाटत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर आपल्या पुतळ्यांच्या माळेकडे पाहावे. व्हेनिसच्या डुकाटवर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज असतो. आपल्याकडे हे नाणे 'पुतळी' झाले. सोनारांनी त्याच्या असंख्य नकला काढल्या आणि नकलेची नकल होता होता लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा उरल्या. त्या रेघांतून व्हेनिसचा एखादा अज्ञात डोज वाचून काढण्याचा प्रयत्न कोणी केला तर त्याला आपण काय म्हणू?

दोन यशस्वी पुनर्वसने

नाण्यांवरून विस्मृत सत्ताधीश सिद्ध झाल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांच्याशी तुलना केली म्हणजे स्पॉन्सियनचे काय उणे आहे ते स्पष्ट होते. फ्रान्समध्ये नांतजवळ १९०० साली एका निधीत डोमिशियानस नावाच्या अज्ञात सम्राटाचे एक हलक्या चांदीचे नाणे निघाले. ते बनावट म्हणून बाजूला पडले. पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधील चॅल्ग्रोव्ह येथे सुमारे पाच हजार नाण्यांनी भरलेला एक घडा सापडला. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातील नाणी सुटी केली जात असता त्याच डोमिशियानसचे दुसरे नाणे हाती आले. दोन्ही नाणी एकाच ठशांची होती. ठशांची शैली त्या काळच्या गॉलमधील फुटीर साम्राज्याच्या टांकसाळीशी जुळत होती, निधीतील इतर नाण्यांनी काळ पक्का केला आणि ऑरेलियनच्या वेळी डोमिशियानस नावाच्या कोणीतरी बंड केल्याचा उल्लेख प्राचीन ग्रंथांत होताच. हे नाणे रिचर्ड ॲब्डी यांनी २००४ मध्ये 'अँटिक्विटी'त प्रसिद्ध केले आणि सम्राट स्वीकारला गेला. स्पॉन्सियनवरील निबंध आल्यावर तो अमान्य करणाऱ्यांत हेच ॲब्डी होते, ही बाब बोलकी आहे. नव्या सम्राटाला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता.

सोन्याच्या बाबतीत उरानियस अँटोनिनसचे उदाहरण अधिक जवळचे. सिरियातील एमेसा येथे २५३–५४ च्या सुमारास सत्ता गाजविणाऱ्या या पुरुषाच्या ऑरियसांवरही दीर्घकाळ संशय होता. त्याच्या ब्राँझ नाण्यांवर सेल्युकिड शकाचे ५६५ हे वर्ष आहे. ठशांच्या अभ्यासाने त्याची नाणी एकमेकांत बांधली गेली आणि बाल्डुस यांच्या १९७१ मधील ग्रंथाने त्याचे स्थान स्थिर केले. येथे धातूच्या पृष्ठभागाचा प्रश्नही निघाला नाही.

स्पॉन्सियनपाशी यांपैकी काय आहे? नोंद झालेले उत्खनन नाही, ठशांची साखळी नाही, दुसऱ्या धातूतील नाणी नाहीत, ग्रंथोल्लेख नाही. मातीचा थर आहे. तो थर प्रामाणिकपणे तपासला गेला, पण त्यावर जे ओझे ठेवले गेले ते त्याला पेलणारे नाही.

उलट बाजूचा एक युक्तिवादही येथे तपासला पाहिजे. निबंधलेखक म्हणतात की बनावटकाराने कोणालाही माहीत नसलेला सम्राट कशाला निवडावा? हा प्रश्न त्या काळच्या संग्राहकांच्या मनोवृत्तीकडे दुर्लक्ष करतो. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपातील राजदरबारांना सम्राटांची अखंड मालिका हवी असे आणि त्यात एखादे नवे नाव मिळाले तर त्याचे अप्रूप अधिक. पादुआचा जोव्हानी दा काव्हिनो (१५००–१५७०) रोमन धर्तीची पदके घडवून गेला होता. ह्यूबर्ट गोल्टझिउससारख्या विद्वानाच्या ग्रंथांत कधीच अस्तित्वात नसलेली नाणी छापली गेली. तरीही कोएन यांच्या तुच्छतेची पुनरावृत्ती करून वाद मिटविता येणार नाही. २०२२ नंतर उमटलेल्या बऱ्याच प्रतिकूल प्रतिक्रिया वृत्तपत्रीय उपहासापुरत्याच राहिल्या आणि मातीच्या थराचे पर्यायी स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही.

तोवर संग्रहालयाच्या पाटीवर आणि अध्यापकाच्या टिपणात या नाण्याचे वर्णन 'स्पॉन्सियानी असा लेख असलेली, १७१३ पूर्वी ट्रान्सिल्व्हेनियात मिळाल्याचे सांगितले जाणारी ओतीव सुवर्णवस्तू' एवढेच असावे आणि सम्राटांच्या यादीत ते नाव घालू नये. पुढील तपासणीची दिशा मात्र निबंधानेच सुचविली आहे. सिबिउ येथील स्पॉन्सियन आणि ग्लासगो येथील स्पॉन्सियन एकाच साच्यातून निघाले काय, की एकावरून दुसऱ्याचा साचा केला गेला, हे आकुंचनाच्या मोजमापाने कळू शकते, कारण ओतीव नकल मुळापेक्षा किंचित लहान होते. दोन्ही नाण्यांच्या अंतर्भागातील कस, ट्रान्सिल्व्हेनियातील ज्ञात निधींतील नाण्यांवर बसलेले मातीचे थर आणि सतराव्या-अठराव्या शतकातील निश्चित बनावट सुवर्णनाणी ही सर्व एकाच उपकरणाखाली ठेवली गेली पाहिजेत.